दूरचित्रवाणीसाठी जाहिरातीची प्रत

प्रश्न : लातुरातील एका शिकवणीवर्गाची २० सेकंदांची जाहिरात मी तयार केली. यूट्यूबवर उत्तम दिसणारी एमपी४ फाइल वाहिनीने नामंजूर केली. माझे चित्रणच सदोष आहे काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : चित्रणाविषयी चिंता नसावी, इंटरनेटसाठी एच.२६४ पद्धतीने अतिशय संकुचित केलेली प्रत प्रक्षेपणास सहसा अपुरी ठरते, एवढेच. मूळ संकलनातूनच, त्या एमपी४वरून कदापि नव्हे, कारण एकदा लोपलेला तपशील परत येत नाही, प्रोरेस ४२२ एचक्यू अथवा ५० मेगाबिटची एक्सडीकॅम एचडी ४२२ प्रत काढावी : १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ चौकटी, ध्वनी ४८ किलोहर्ट्‌झ. मोबाइलवर ३० चौकटींनी चित्रण केले असल्यास रूपांतरात हालचालीला धक्के बसतात, ते डोळ्यांखालून घालावे. फील्डचा क्रम आणि आवाजाची पातळी यांबाबत वाहिनीकडून लेखी तपशील मागवावा, आणि लांबी बरोबर ५०० चौकटी भरते ना, हे रवानगीपूर्वी पडताळावे.