मुद्रणपूर्व अवलोकन : अहवाल कागदावर उतरविण्यापूर्वी

कार्यालयीन देयक-याद्या, हिशेबपत्रके व मासिक विवरणे आता संगणकावर तयार होतात. तथापि ज्या प्रतीवर अधिकारी स्वाक्षरी करतात व जी नस्तीत राहते, ती बहुधा मुद्रित प्रतच असते. पडद्यावरील तक्ता कितीही रुंद असू शकतो. ए-४ कागदाची रुंदी मात्र २१० मिलिमीटरच असते. म्हणून मुद्रणाची आज्ञा देण्यापूर्वी 'प्रिंट प्रिव्ह्यू' म्हणजेच मुद्रणपूर्व अवलोकन करणे अगत्याचे आहे.

विंडोजवरील एक्सेलमध्ये कंट्रोल व एफ-२ या कळा एकत्र दाबल्यास हे दृश्य दिसते. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट व ओ या कळा आहेत. त्यावेळी पुढील बाबी क्रमाने पाहाव्यात.

(१) कागद : निवडलेला मुद्रक व कागदाचा आकार योग्य आहे काय? ए-४ ऐवजी 'लेटर' निवडला गेल्यास पानाची उंची २९७ वरून २७९ मिलिमीटरवर येते व पृष्ठे तुटण्याच्या जागा बदलतात.

(२) स्तंभ : शेवटचा 'शेरा' स्तंभ स्वतंत्र पानावर गेला नाही ना? सर्व स्तंभ एका पानाच्या रुंदीत बसविता येतात. परंतु अक्षरे वाचता येणार नाहीत इतका संकोच करू नये. रकमेच्या जागी #### दिसल्यास स्तंभ रुंद करावा.

(३) शीर्षके : दुसऱ्या पानापासून स्तंभांची नावे नाहीशी होत असल्यास 'प्रिंट टायटल्स' या सोयीने ती प्रत्येक पानावर आणावीत.

(४) मुद्रणक्षेत्र : ही बाब सर्वांत महत्त्वाची होय. समजा, गेल्या महिन्यात ४० निवृत्तिवेतनधारकांची यादी छापताना मुद्रणक्षेत्र ठरवून दिले होते. या महिन्यात यादीच्या तळाशी ३ नावे वाढली. एकूण रक्कम शीर्षभागी असून तिच्या सूत्रात ४३ जणांचा समावेश आहे. मुद्रणक्षेत्र न वाढविल्यास कागदावर बेरीज ४३ जणांची, नावे मात्र ४० जणांचीच उमटतील. पडद्यावर यादी पूर्ण दिसत असल्याने ही चूक लक्षात येत नाही. आणि तिचा त्रास सोसावा लागतो तो वगळल्या गेलेल्या तिघांना. गाळणी लावून झाकलेल्या ओळींच्या बाबतीतही असेच घडते. त्या छापल्या जात नाहीत, परंतु साध्या 'सम' सूत्राच्या बेरजेत धरल्या जातात.

अवलोकनाने मांडणीतील दोष उघड होतात. आकड्यांची सत्यता त्याने सिद्ध होत नाही. यास्तव शेवटच्या पानावरील अनुक्रमांक मूळ नोंदींशी व एकूण रक्कम छापल्या जाणाऱ्या रकमांच्या बेरजेशी ताडून पाहावी. लांब अहवालाचे पहिले पान पाहून थांबू नये. दोष बहुधा अखेरच्या पानांत दडलेले असतात.

स्वाध्याय : आपल्या शाखेतील एक जुनी यादी घ्या, तिच्या तळाशी दोन ओळी वाढवा व त्या मुद्रणपूर्व दृश्यात दिसतात काय, ते पाहा.