पहिला गेमिंग संगणक : खर्चाची वाटणी

प्रश्न : मर्यादित रकमेत गेमिंगचा संगणक जुळवायचा आहे. अधिक पैसा प्रोसेसरवर घालावा की ग्राफिक्स कार्डावर?

उत्तर : खेळातील दृश्ये रेखाटण्याचा मुख्य भार ग्राफिक्स कार्डच वाहत असल्यामुळे, तुमच्या तरतुदीतील सर्वांत मोठा हिस्सा त्याच्याच खाती टाकणे इष्ट होय. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या मॉनिटरसाठी ८ जीबीचे ‘रेडिऑन आरएक्स ६६००’ आणि सहा कोअरचा ‘रायझन ५ ५६००’ ही जोडी पुरेशी आहे. मात्र या प्रोसेसरात अंगभूत ग्राफिक्स नसल्याने, कार्डाची खरेदी लांबणीवर टाकण्याचा इरादा असेल, तर ‘५६००जी’ पत्करावा. रॅमची १६ जीबीची एकच पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्याव्यात, कारण मेमरीचे दोन्ही चॅनेल एकाच वेळी राबू लागले की, विशेषतः अंगभूत ग्राफिक्सवर, खेळाची गती स्पष्टपणे वाढते. काटकसरीचा मोह हमखास होतो तो पॉवर सप्लायबाबत; परंतु कॅबिनेटसोबत आलेला निनावी सप्लाय बिघडताना इतर भागांचीही हानी करू शकतो, म्हणून ‘८० प्लस’ प्रमाणित, नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा सप्लाय रीतसर पावतीनिशी घ्यावा. रंगीत दिव्यांचा खर्च खुशाल तहकूब ठेवावा.