घटक ४ : ‘आम्ही’, ‘ते’ आणि ‘आपण’ – क्रीडा-चुरशीची भाषा आणि खिलाडूवृत्ती

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• मराठीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या सर्वनामांमधील भेद सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• समूहाची अस्मिता भाषेतून कशी घडते, हे कोलकात्यातील दोन फुटबॉल क्लबांच्या उदाहरणाने सांगता येईल.
• चेष्टा, अवहेलना आणि वैर यांच्या भाषेतील सीमारेषा ओळखता येईल.
• ‘खिलाडूवृत्ती’ या संकल्पनेचा भाषिक अंगाने विचार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बोली आणि सामाजिक स्तर यांचा संबंध पाहिला. या घटकात भाषा आणि समूह यांच्या नात्याचा विचार करायचा आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण फुटबॉलच्या मैदानावरचे आहे. मराठीच्या अभ्यासक्रमात फुटबॉल कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर एका साध्या वाक्यात आहे. सामना संपल्यावर प्रेक्षागारातून बाहेर पडणारा समर्थक म्हणतो, “आम्ही जिंकलो.” तो स्वतः खेळलेला नसतो. चेंडूला त्याचा पायही लागलेला नसतो. तरीही हे वाक्य आपल्याला खोटे वाटत नाही. ‘आम्ही’ या एका शब्दाने तो त्या संघाचा भाग झालेला असतो. हा शब्द माणसांना जोडतो, तसाच तो तोडतोही. तो नेमके काय करतो, हे समजून घेणे हा या घटकाचा हेतू आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ ‘आम्ही’ आणि ‘आपण’

प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत. शेजारी तुम्हाला म्हणाले, “आम्ही उद्या जत्रेला जाणार आहोत,” तर तुम्ही त्यांना शुभेच्छा द्याल. ते म्हणाले, “आपण उद्या जत्रेला जाणार आहोत,” तर तुम्ही तयारीला लागाल. ‘आम्ही’मध्ये ऐकणाऱ्याचा समावेश नसतो, म्हणून त्याला व्यावर्तक सर्वनाम म्हणतात. ‘आपण’मध्ये ऐकणाराही असतो, म्हणून ते समावेशक सर्वनाम होय. गुजराती, तमिळ, तेलुगू या भाषांतही असा भेद आढळतो. हिंदीतील ‘हम’ आणि बंगालीतील ‘आमरा’ या एकाच रूपाला मात्र दोन्ही कामे करावी लागतात.

(‘आपण’ हे सर्वनाम आदरार्थी द्वितीय पुरुषासाठी, तसेच “आपण बुवा कोणाला घाबरत नाही” अशा वाक्यात स्वतःसाठीही वापरले जाते. येथे त्याचा केवळ समावेशक अर्थ घेतला आहे.)

‘आम्ही’ची व्याप्ती स्थिर नसते, हेही लक्षात ठेवा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी त्याविषयी बोलताना ‘आम्ही’ हे सर्वनाम अधिक वापरत. संघ हरला की तेच विद्यार्थी ‘ते हरले’ असे म्हणण्याकडे झुकत. संघ तोच, बोलणाराही तोच. निकालाबरोबर सर्वनाम बदलले. तुमच्या घरी भारताच्या क्रिकेट सामन्यानंतर कोणती सर्वनामे ऐकू येतात, याचे निरीक्षण करून पाहा.

४.३.२ दोन क्लब, दोन ओळखी

आता कोलकात्याकडे वळू. तेथील मोहन बागान या क्लबची स्थापना १८८९ मध्ये झाली. २९ जुलै १९११ रोजी या क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाचा २-१ असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली. त्या काळात हा विजय केवळ एका क्लबचा राहिला नाही. परकीय सत्तेखालील समाजाने तो आपला मानला.

ईस्ट बंगाल क्लब १९२० मध्ये स्थापन झाला. मोहन बागानविरुद्धच्या एका सामन्यात जोडाबागान क्लबने पूर्व बंगालच्या एका खेळाडूला वगळले. तो पूर्वेकडचा असल्यामुळेच वगळला गेला, या भावनेतून नवा क्लब निघाला, असे सांगितले जाते. म्हणजे या क्लबच्या नावातच ‘तुम्ही आम्हाला तुमच्यात घेत नाही’ ही तक्रार आहे. १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित कोलकात्यात आले. घरदार मागे राहिलेल्या माणसांना या क्लबच्या नावात आपला हरवलेला प्रदेश सापडला.

या दोन समूहांना बंगालीत दोन नावे आहेत. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’ आणि पूर्वेकडून आलेले ते ‘बांगाल’. ‘बांगाल’ या शब्दाला सुरुवातीला हेटाळणीची छटा होती. पूर्वेकडच्या बोलीतील उच्चारांची थट्टा त्यात मिसळलेली असे. पुढे बांगाल लोकांनी तोच शब्द अभिमानाने स्वतःसाठी वापरायला सुरुवात केली. हिणवण्यासाठी वापरलेले नाव उचलून त्याचे बिरुद करणे, ही भाषेच्या इतिहासात वारंवार दिसणारी प्रक्रिया आहे.

मग प्रत्येक गोष्टीला बाजू मिळाली. हिरवा-मरून रंग मोहन बागानचा, लाल-सोनेरी ईस्ट बंगालचा. कोळंबी घोटींची, हिलसा मासा बांगालांचा. सामन्यानंतर कोणत्या घरी कोणते कालवण शिजते, यावरून निकाल कळावा, अशी ही ओळख रुजली.

परंतु एक विसंगती ध्यानात घ्या. १९११ चा मोहन बागानचा जो संघ साऱ्यांच्या अभिमानाचा विषय झाला, त्याचे कर्णधार शिवदास भादुरी यांच्यासह अनेक खेळाडूंची मुळे पूर्व बंगालातच होती. समूहांमधील सीमा आपल्याला पुरातन वाटते. प्रत्यक्षात ती ओढलेली असते आणि वेळोवेळी सरकवलेलीही असते.

४.३.३ चेष्टा कोठे संपते?

१३ जुलै १९९७ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर फेडरेशन कपच्या उपान्त्य सामन्यात हे दोन संघ समोरासमोर आले. सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षक उपस्थित होते. सामन्याआधी मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी प्रतिस्पर्धी खेळाडूंच्या नावांचे केलेले विडंबन खूप गाजले. केनियाच्या ओमोलोला त्यांनी ‘ऑम्लेट’ केले, सोसोला ‘शोशा’ म्हणजे बंगालीत काकडी, आणि सिक्कीमच्या बायचुंग भुतियाला ‘चुंग-चुंग’. भुतियाने त्या सामन्यात तीन गोल केले आणि ईस्ट बंगालने ४-१ असा विजय मिळवला.

ही उत्तम शाब्दिक परतफेड होती, असे म्हणून आपण पुढे जाऊ शकतो. भाषेच्या अभ्यासकाने मात्र थोडे थांबले पाहिजे. ही तीन विडंबने वरवर सारखी दिसली, तरी ती एकाच प्रकारची आहेत का? पहिल्या दोहोंत ध्वनिसाम्यावरची कोटी आहे. तिसऱ्यात नावातील एक अक्षर दुहेरी करून ते ‘आपल्यासारखे नाही’, हे अधोरेखित होते. ईशान्य व हिमालयीन प्रदेशातील माणसांना चेहऱ्यावरून आणि नावावरून हिणवण्याची जी सवय आपल्या देशात आहे, तिच्याशी त्याचे नाते जुळते. बोलणाऱ्याचा हेतू केवळ गंमत हा असू शकेल. परंतु शब्दाचा परिणाम हेतूवर थांबत नाही. ऐकणाऱ्या हजारोंना तो काय म्हणण्याची मुभा देतो, हेही पाहावे लागते.

यावरून एक कसोटी मांडता येईल. जी चेष्टा प्रतिस्पर्ध्याच्या खेळावर, पराभवावर, गर्वावर असते, तिला तो पुढच्या सामन्यात उत्तर देऊ शकतो. जी चेष्टा त्याच्या जन्मावर, वंशावर, गावावर, बोलीवर असते, तिला मैदानात उत्तर नसते. कितीही गोल केले तरी ती उरते. पहिली चुरशीची भाषा आहे, दुसरी अवहेलनेची.

आपल्या वृत्तपत्रांतील क्रीडापृष्ठांची क्रियापदे या दृष्टीने पाहा : ‘पराभव केला’, ‘मात केली’, ‘धुव्वा उडवला’, ‘लोळवले’, ‘धूळ चारली’. या क्रमाने खेळ मागे पडत जातो आणि समोरच्याची मानहानी पुढे येते. त्यानंतर गल्लीतील बोलण्यात ‘जिरवली’ येते. ‘जिरवली’ या शब्दात सामना उरलेलाच नसतो.

४.३.४ शब्दांच्या पुढे

१६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांचा लीग सामना होता. मैदानात दोन खेळाडूंची झटापट झाली. तिचे पडसाद प्रेक्षागारात उमटले, हाणामारी सुरू झाली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण मृत्युमुखी पडले. फुटबॉल पाहायला आलेली १६ माणसे घरी परतली नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ कोलकात्यात १६ ऑगस्ट हा दिवस फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळला जातो आणि रक्तदान केले जाते. येथे ‘फुटबॉलप्रेमी’ या शब्दाची निवड पाहा. मृतांची विभागणी या किंवा त्या क्लबचे समर्थक अशी केलेली नाही. जी भाषा जिवंतपणी सापडली नाही, ती मृत्यूनंतर सापडली.

९ डिसेंबर २०१२ रोजी पुन्हा वाद उफाळला. आय-लीगच्या सामन्यात मोहन बागानच्या एका खेळाडूला लाल कार्ड मिळाले, प्रेक्षक खवळले आणि प्रेक्षागारातून आलेला दगड लागून मोहन बागानचाच रहीम नबी जखमी झाला. मध्यंतरानंतर मोहन बागानने मैदानात उतरण्यास नकार दिला. महासंघाने क्लबवर बंदी घातली. पुढे ती मागे घेऊन २ कोटी रुपयांचा दंड केला आणि लीगमधील त्यांचे गुण शून्यावर आणले. जखमी खेळाडूच्या सहकाऱ्यांनी खेळणे थांबवावे की सामना पूर्ण करावा? दोन्ही बाजूंनी बोलता येते. सुरक्षितता नसेल तर खेळ कसा होईल, हे खरे. आणि सामना अर्ध्यावर सोडल्यास नियमाला अर्थ राहत नाही, हेही खरे. मात्र दगडाच्या बाजूने कोणालाही बोलता येत नाही.

४.३.५ खिलाडूवृत्ती : ‘आपण’ची जाणीव

‘खेळाडू’ आणि ‘खिलाडू’ हे शब्द दिसायला जवळचे आहेत. ‘खेळाडू’ हे नाम आहे. खेळणाऱ्याला ते लागू होते. ‘खिलाडू’ हे विशेषण आहे. ते स्वभावाला लागू होते. म्हणून खेळाडू असूनही एखादा खिलाडू नसतो, आणि आयुष्यात कधी मैदानात न उतरलेला समर्थक खिलाडू असू शकतो.

आता ‘प्रतिस्पर्धी’ या शब्दाकडे पाहा : प्रति + स्पर्धी. समोर उभा राहून जो स्पर्धा करतो, तो. त्याला हरवायचे असते, नाहीसे करायचे नसते. तो नसेल तर स्पर्धाच नसते. ‘शत्रू’ नाहीसा झाला तर माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. प्रतिस्पर्धी नाहीसा झाला तर खेळणाऱ्याचे मोठेपणही संपते. ईस्ट बंगालवाचून मोहन बागानचा इतिहास अर्धा राहील, आणि हे उलट दिशेनेही तितकेच खरे आहे.

खिलाडूवृत्ती म्हणजे ‘आम्ही’ पुसून टाकणे नव्हे. ‘आम्ही’शिवाय समर्थक नाही, रंग नाही, घोषणा नाही. खिलाडूवृत्ती म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘ते’ मिळून एक ‘आपण’ आहे, याचे भान सामना रंगात आला असतानाही न सुटणे.

असे भान प्रत्यक्षात येऊ शकते का? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका प्रशिक्षणार्थी डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या झाली. शहर संतप्त होते. १८ ऑगस्टला होणारा ड्युरँड कपमधील या दोन संघांचा सामना सुरक्षेच्या कारणास्तव रद्द करण्यात आला. त्या संध्याकाळी मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे समर्थक स्टेडियमबाहेर आपापल्या रंगांत एकत्र जमले. मोहम्मेडन स्पोर्टिंगचे समर्थकही त्यांच्यात होते. सर्वांची मागणी एकच होती : न्याय. कोणीही आपला रंग उतरवून ठेवला नव्हता. बंगालीत त्यांनी ‘आमरा’ म्हटले असेल. मराठीत त्याचे भाषांतर करताना आपल्याला ‘आम्ही’ लिहिता येणार नाही, ‘आपण’ असेच लिहावे लागेल.

४.४ सारांश

मराठीतील ‘आम्ही’ व्यावर्तक आणि ‘आपण’ समावेशक आहे. समर्थकाची ओळख ‘आम्ही’तून घडते, तिच्या मागे स्थलांतर, वगळले जाणे, बोलीची हेटाळणी असा सामाजिक इतिहास असू शकतो. चुरशीची भाषा प्रतिस्पर्ध्याच्या खेळाविषयी बोलते. अवहेलनेची भाषा त्याच्या असण्याविषयी बोलते. भाषेतून माणूस वजा झाला की हिंसेची वाट सोपी होते. ‘आम्ही’ जपूनही ‘आपण’चे भान राखणे म्हणजे खिलाडूवृत्ती.

४.५ पारिभाषिक शब्द

व्यावर्तक सर्वनाम – ऐकणाऱ्याला वगळणारे प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम.
समावेशक सर्वनाम – ऐकणाऱ्यालाही सामावून घेणारे प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम.
समूह-अस्मिता – एखाद्या समूहाचा घटक म्हणून माणसाला असलेली स्वतःची जाणीव.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. बंगालीतील ‘आमरा’ आणि मराठीतील ‘आम्ही’ यांत कोणता फरक आहे?
२. ‘बांगाल’ या शब्दाच्या अर्थच्छटेत कोणता बदल झाला?
३. ‘खेळाडू’ आणि ‘खिलाडू’ यांचा व्याकरणिक भेद सांगा.

उत्तरे : १. ‘आमरा’ ऐकणाऱ्याला वगळून आणि सामावून, अशा दोन्ही अर्थी येते. ‘आम्ही’ त्याला वगळते. २. हेटाळणीचा शब्द अभिमानाचा झाला. ३. ‘खेळाडू’ हे नाम, तर ‘खिलाडू’ हे विशेषण आहे.

ब) “जिच्यावर मैदानात उत्तर देता येते, ती चुरशीची भाषा.” या विधानाची १५० शब्दांत चर्चा करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

कोल्हापुरात फुटबॉल संघ तालमींच्या आणि मंडळांच्या नावाने खेळतात, आणि समर्थकांची निष्ठा पेठेशी जोडलेली असते. तुम्ही त्या परिसरातील असाल, तर शाहू स्टेडियमवरील एखाद्या सामन्याला जा. अन्य ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी गावातील कबड्डीचा किंवा क्रिकेटचा सामना निवडावा. प्रेक्षकांच्या तोंडची पंचवीस वाक्ये वहीत टिपा. प्रत्येक वाक्यातील सर्वनाम अधोरेखित करा आणि ते वाक्य चुरशीचे की अवहेलनेचे, हे ठरवा. बोलणाऱ्यांची नावे लिहू नका. शेवटी स्वतः उच्चारलेले एक वाक्यही त्यात नोंदवा. आपलेच वाक्य तपासणे सर्वांत अवघड असते. म्हणून ते वगळू नका.