सामाईक भिंत

दसऱ्याच्या सुट्टीत चिकपेटच्या घरी गेलो, तेव्हा शेजारचे घर जागेवर नव्हते. नवे बांधण्यासाठी ते पाडले होते. आमच्या माजघराच्या भिंतीला तडा गेला होता. गिलावा पडून आतल्या विटा दिसत होत्या. आजोबा म्हणाले, "शाळेत नकाशे काढतोस ना? मग या भिंतीचे चित्र काढ."

चित्र काढताना रचना लक्षात आली. एका थरात विटेची लांब बाजू, वरच्या थरात आखूड बाजू, पुन्हा लांब. याला 'इंग्लिश बाँड' म्हणतात. जिची आखूड बाजू दिसते, ती वीट भिंतीच्या जाडीत आत शिरलेली असते आणि भिंतीच्या दोन्ही बाजू बांधून ठेवते. सांध्यावर सांधा येत नाही, त्यामुळे तडा सरळ उतरत नाही. आमचाही पायरीपायरीने, चुन्याच्या सांध्यांतून गेला होता. वीट एकही फुटली नव्हती. चुना विटेपेक्षा मऊ असतो, म्हणून आधी सांधा सुटतो. तो पुन्हा भरता येतो.

इंग्लंडमधील जुनी शहरी घरेही अशीच विटांची, अरुंद, उंच आणि एकमेकांना टेकलेली. १६६६ च्या आगीत लंडनमधील सुमारे १३,००० घरे जळाली. १६६७ च्या कायद्याने बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्या असाव्यात असे ठरवले. घरांचे चार वर्ग करून भिंतींची जाडीही नेमून दिली. दोन घरांमधली भिंत दोघांच्या जागेत सारखी आणि तिचा खर्च निम्मा-निम्मा.

आमची पेठ त्याहून जुनी, केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेली. इथेही गल्ल्या अरुंद, खाली दुकान, वर घर. आमचे छत 'मद्रास टेरेस' पद्धतीचे आहे: सागवानी तुळयांवर चुन्यात कडेवर बसवलेल्या विटा. त्या तुळयांची टोके याच भिंतीत आहेत. म्हणजे ही भिंत गेली तर छतही जाईल.

शेजारचे काका आधी म्हणाले, "मी माझे घर पाडले, तुमचे नाही." मी त्यांना चित्र दाखवले आणि म्हणालो, "काका, भिंत एकच आहे. ती तुमच्या घरालाही टेकलेली होती." त्यांनी बराच वेळ चित्र पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाजूने लाकडी टेकू लागले. दुरुस्तीचा खर्च बाबांनी आणि त्यांनी वाटून घ्यायचे ठरवले.

इंजिनिअरांनी तड्यावर काचेची पट्टी चिकटवली. भिंत अजून सरकत असेल तर काच तडकेल. मी निघालो तेव्हा ती शाबूत होती. आजोबांनी शेजारी तारीख लिहून घेतली.

आता दर रविवारी फोनवर आजोबा आधी काचेची खबर देतात, मग माझी विचारपूस करतात.