पिंजऱ्यातील पक्ष्याचा आहार : परिसर अभ्यासातील एक पाठ



तालुक्याच्या बाजारातून हिरवे, पिवळे, निळे असे लहान पक्षी आता खेड्यांतील घराघरांत येऊ लागले आहेत. लोक त्यांस ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतील होत. आपल्याकडे या नावाने विकला जाणारा पक्षी बहुधा बजरिगार असतो. तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ मुलुखातला. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली हे पक्षी जिवंत इंग्लंडात नेले आणि तेथून त्यांची पिंजऱ्यातील पैदास जगभर पसरली. वजन अवघे ३० ते ४० ग्रॅम. आपल्या वर्गातील एखाददुसऱ्या मुलाच्या घरी हा पक्षी असतोच आणि काही शाळांच्या व्हरांड्यातही त्याचा पिंजरा टांगलेला आढळतो.

‘प्राण्यांचे अन्न’ हा घटक आपण सर्वच शिकवितो. पोपट पेरू खातो, चिमणी दाणे टिपते, गाय गवत खाते, अशी उत्तरे मुले घडाघडा देतात आणि पाठ संपतो. अशा पाठातून मुलांस याद्या पाठ होतात, आहार मात्र कळत नाही. प्राणी काय खातो याबरोबरच तेवढ्याने त्याचे भागते काय, हा प्रश्न मुलांपुढे यावयास हवा. त्यासाठी पिंजऱ्यातील हा चिमुकला पक्षी फार उपयोगी आहे, कारण त्याचे सारे अन्न आपल्या हातून जाते. रानातला पक्षी जे उणे असेल ते स्वतः शोधून घेतो. पिंजऱ्यातल्याला ती मोकळीक नाही.

प्रथम एक इशारा देणे अवश्य आहे. आपला कंठवाला हिरवा पोपट, किंबहुना भारतातील रानात राहणारा कोणताही पोपट, पकडणे, विकणे व पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. ‘आमच्या आजोबांच्या वेळेपासून घरात पोपट आहे’ हे समर्थन चालत नाही. शाळेत पोपट आणू नये, मुलांस आणावयास सांगू नये. कोणाकडे असल्यास पालकांस समजावून वन विभागाशी संपर्क साधावयास लावावे. पिंजरा उघडून त्यास सोडून देणेही योग्य नव्हे, कारण पुष्कळ वर्षे कोंडलेल्या पक्ष्यास उडणे व अन्न शोधणे जमत नाही. तसेच पाठासाठी म्हणून मुद्दाम बजरिगार विकत आणण्याचे कारण नाही. कोणाच्या घरी असेल तेथे चार मुले घेऊन जावे.

पाठाचा आरंभ वाटीपासून करावा. सकाळी दोन चहाचे चमचे राळे मोजून वाटीत घालावे व दुपारी तीच वाटी वर्गापुढे ठेवून विचारावे, ‘वाटी भरलेली आहे की रिकामी?’ सगळा वर्ग एकमुखाने ‘भरलेली’ असे म्हणेल. मग एका मुलास बाहेर नेऊन वाटीवर हलकेच फुंकर मारावयास सांगावे. भुसा उडून जाईल आणि तळाशी थोडेसेच दाणे उरलेले दिसतील. बजरिगार प्रत्येक दाणा चोचीत फिरवून सोलतो, आतला गर खातो व टरफल तेथेच टाकतो. ही टरफले दाण्यांवर साचत जातात. आईला सुपात धान्य पाखडताना पाहिलेल्या मुलांस हे समजावयास क्षणही लागत नाही.

हा केवळ गमतीचा प्रयोग आहे असे कोणी समजू नये. एका शाळेतील मुलांनी सुटीत शेजारच्या घरी पिंजरा ठेवला होता. त्या घरच्या माणसांनी रोज वाटीकडे पाहिले, ती भरलेली दिसली, म्हणून दाणे घातले नाहीत. चौथ्या दिवशी पक्षी मेलेला आढळला. एवढ्या लहान जिवास दोन दिवसांचा पुरता उपासही प्राणघातक ठरू शकतो. त्या घरची माणसे निष्काळजी नव्हती. वाटी पाखडून पाहावयाची असते हे त्यांस कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

येथे कोंबडीशी तुलना करावी, कारण ती प्रत्येक मुलाच्या ओळखीची आहे. कोंबडी दाणे सालासकट गिळते व बारीक खडेही टिपते. पोटातील जाड स्नायूंच्या पिशवीत हे खडे जात्यासारखे काम करतात. बजरिगार दाणे सोलूनच खात असल्यामुळे त्यास खड्यांची गरज पडत नाही. उलट पुष्कळ खडे पोटात गेल्यास अन्नमार्ग तुंबण्याचे भय असते. ‘कोंबडीला खडे लागतात, मग याला का नकोत?’ हा प्रश्न मुलांनीच विचारावा अशी वेळ आणावी. उत्तर त्यांस वाटीतल्या टरफलांतच सापडेल.

आता मुख्य मुद्दा. दुकानात ‘कांगणी’ म्हणून जे मिळते ते आपले राळेच होय. बहुतेक लोक तेवढेच, किंवा राळे व बाजरी, वर्षानुवर्षे घालीत राहतात. पक्षी खातो, ओरडतो, म्हणून सर्व ठीक आहे असे वाटते. परंतु कोरड्या धान्यात जीवनसत्त्व ‘अ’ जवळजवळ नसते, कॅल्शियम फार थोडे असते व आयोडीनही अपुरे पडते. ऑस्ट्रेलियाच्या रानात हा पक्षी नानाविध गवतांचे पिकलेले व अर्धवट पिकलेले दाणे टिपीत मैलोगणती उडतो. पिंजऱ्यात ना ती विविधता, ना ते उडणे.

जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडले म्हणजे तोंड, नाक व श्वासनलिका यांचे आतील नाजूक अस्तर जाड व कोरडे होते आणि रोगजंतूंस वाट मिळते. पक्षी शिंकू लागतो, पिसे फुगवून कोपऱ्यात बसतो. लहान मुलांस उपकेंद्रात ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देतात तो याच तत्त्वासाठी, हे वर्गात अवश्य सांगावे. कॅल्शियम उणे पडल्यास मादीचे अंडे अडते व त्यात ती दगावू शकते. आयोडीन न मिळाल्यास गळ्यातील ग्रंथी सुजून श्वासाबरोबर बारीक टकटक आवाज येऊ लागतो. येथे एखादा हुशार मुलगा म्हणेल, ‘मग आयोडीनचे मीठ घालू.’ त्याचे कौतुक करावे, पण मीठ घालू देऊ नये. इतक्या लहान शरीरास चिमूटभर मीठही घातक असते. असा आवाज येत असल्यास पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

ही उणीव भरून काढण्यास खर्च लागत नाही. रोज थोडा ताजा पाला द्यावा : मेथी, कोथिंबीर, आणि सर्वांत सोयीचा शेवग्याचा. तो बहुतेक शाळांच्या आवारात असतो व त्यात ‘अ’ जीवनसत्त्वास कारण होणारे द्रव्य आणि कॅल्शियम ही दोन्ही विपुल असतात. पालक, माठ, चुका हेही चालतील, परंतु रोज नकोत. त्यांतील ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य कॅल्शियमला धरून ठेवते व ते अंगी लागू देत नाही. गाजर किंवा लाल भोपळा किसून द्यावा. भाद्रपदाच्या सुमारास बाजरी दुधात आली म्हणजे एखादे कोवळे कणीस पिंजऱ्यात अडकवावे. पक्षी त्यास लोंबकळून खातो, त्यात त्याचा व्यायामही होतो. फळ मात्र फोडीएवढेच. कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगावा. कोकणात तो किनाऱ्यावर सापडतो, इतरत्र विकत मिळतो. न मिळाल्यास कोंबडीच्या अंड्याचे कवच उकळून, वाळवून, कुटून ठेवावे.

पाल्याविषयी एक दक्षता फार महत्त्वाची आहे. ज्या शेतात वा परसात औषधाची फवारणी झाली असेल तेथील पाला कदापि देऊ नये. आपली मुले बांधावरून जे हाती लागेल ते उपटून आणतात. माणसास ज्या अंशाने काही होत नाही तेवढ्याने चाळीस ग्रॅमचा जीव जातो. ओळखीच्या जागेचा पाला, तोही धुऊन, असा नियमच करावा.

काय देऊ नये याविषयी समजुती फार आहेत. दुधात कुस्करलेली पोळी हा पक्ष्यांसाठी पूर्वापार ठरलेला खाऊ. परंतु दुधातील साखर पचविण्याची सोय पक्ष्याच्या शरीरात नसते. बिस्किट, फरसाण, चहा हे लाडाने दिले जातात आणि लाडानेच रोग होतो. सूर्यफुलाच्या सोललेल्या बियांत जवळजवळ निम्मे तेल असते. पक्षी त्यांवर तुटून पडतो, लठ्ठ होतो व यकृत बिघडते. कांदा, लसूण, चॉकलेट, सफरचंदाच्या बिया वर्ज्य. अव्होकाडो हे फळ तर बजरिगारास विषच. मिरचीची गोष्ट निराळी आहे. तिखटपणा पक्ष्यांस जाणवतच नाही, म्हणून त्यांच्याकरवी रानमिरचीचे बी दूरवर पसरते. हिरव्या मिरचीचा तुकडा दिल्यास बिघडत नाही, उलट थोडा लाभच होतो. मुलांस हे ऐकून मोठे नवल वाटेल.

ज्या पक्ष्याने जन्मभर राळेच खाल्ले, तो पहिल्या दिवशी मेथीस तोंड लावणार नाही. ते अन्न आहे हेच त्यास ठाऊक नसते. ‘आमचा पाला खातच नाही’ असे म्हणून लोक येथेच थांबतात. ओली जुडी रोज सकाळी पिंजऱ्यात टांगावी व तासादोन तासांनी काढून घ्यावी. कधी आठवडा, कधी महिना लागतो. शेजारचा पक्षी खाताना दिसला तर काम लवकर होते. भुकेने वळण लावण्याच्या उद्देशाने दाणे बंद करणे मात्र सर्वस्वी अयोग्य आहे. शालेय पोषण आहारातील पालेभाजी ताटाच्या कडेला सारणाऱ्या मुलांशी व्यवहार करताना आपण जो धीर धरतो, तोच येथे हवा.

मुलांनी एक साधी वही ठेवावी : घातलेले चमचे, फुंकर मारल्यावर उरलेले चमचे, पाला कोणता, पाला खाल्ला की नाही. विष्ठेचीही नोंद असावी. निरोगी पक्ष्याची विष्ठा हिरवट गोळी व पांढरा भाग अशी असते. तिची संख्या एकाएकी घटली तर वाटी कशीही दिसो, पक्षी खात नाही असे समजावे. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसास फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. म्हणून तळाचा कागद पाणी शिंपडून मगच काढावा, हात साबणाने धुवावेत, आणि स्वयंपाकाच्या जागेजवळ पिंजरा टांगू नये. पाणी दोन वेळा बदलावे. भिजवलेले व मोड आलेले धान्य पौष्टिक खरे, पण चैत्र-वैशाखात ते दोनतीन तासांत आंबते, तेव्हा उरलेले तत्काळ काढून टाकावे.

सुटी लागण्यापूर्वी पिंजरा कोणाच्या घरी जाणार हे ठरवून त्या घरातील मोठ्या माणसास मुलाने स्वतः वाटी फुंकून दाखवावी, आणि वहीही त्याच घरी द्यावी.