बायपास झालेल्या माणसाची गोळी

पोरांनो, संभाजीनगर, नांदेड नाहीतर हैदराबादहून बायपास करून माणूस परभणीला घरी आणला, की सगळ्यांचं लक्ष छातीच्या टाक्यांवर. तेवढंच लक्ष बीपीवरही ठेवा. ठोके कमी करणारी गोळी, रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, लघवीची गोळी, सगळ्या गरजेच्याच. पण सगळ्याच बीपी उतरवतात. माणूस उभा राहिला की डोळ्यांपुढं अंधारी येते ती यामुळंच.

जुना गोळ्यांचा डबा आधी बाजूला काढा. ऑपरेशनआधीची गोळी आणि डिस्चार्ज कार्डावरची नवी गोळी, नावं वेगळी असली तरी औषध एकच असू शकतं. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. दोन्हींवर टेल्मिसार्टन दिसलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही देऊ नका. प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर तीही सांगा. काहींनी बीपी उतरतं.

पहाटे लघवीला उठताना घाई नको. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून थोडं बसायचं, मगच उभं राहायचं. रात्री दिवा चालू ठेवा.

बीपी आधी निजवून मोजा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, किंवा बीपी ९०/६० च्या खाली गेलं, तर वहीत लिहा आणि पुढची गोळी देण्याआधी फोन करा.

आपल्याकडचा मे महिना वेगळा. घामानं पाणी जातं, वर लघवीची गोळी. दिवसाला पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी कळवा. निर्जळी एकादशी सध्या नको. गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडवरून जाते, तेव्हा दर्शन घ्या. पायी चालण्याचं मात्र डॉक्टरांना विचारून.

चक्कर आलीच, तर आडवं निजवा, पाय उंच करा. शेजारी सांगतील म्हणून मीठ-लिंबूपाणी पाजू नका. जिभेखालची सॉर्बिट्रेट तर मुळीच नको, तिनं बीपी आणखी पडतं. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धाप लागली किंवा शौचाला काळं झालं, तर १०८ ला फोन करा.

आणि चक्कर येते म्हणून गोळी मनानं बंद करू नका. ठोक्यांची गोळी एकदम तोडली तर हृदयावरच उलटते. गोळी कमी करायची की बदलायची हे डॉक्टर ठरवतील. वहीतले आकडे त्यांच्यापर्यंत पोचवणं हे घरच्यांचं काम.