तुझी सही लागेल तिथे

"ताई, एमएसडब्ल्यू झालंय, संस्थेत कामही केलंय, पण अधिकारीपद आपल्याला झेपेल का?" तुझ्यासारख्या मुली मला हे वारंवार विचारतात. मुलगे असं विचारत नाहीत, जाहिरात कधी निघणार तेवढं विचारतात. म्हणून आज जरा निवांत बोलू या. माझी नोकरी महिला व बालविकास खात्यात झाली, बालविकास प्रकल्प अधिकारी म्हणून तालुके सांभाळले. त्या खुर्चीत बसून जे दिसलं तेच सांगते.

पहिली गोष्ट मनाशी पक्की कर. तुला लोकांची कणव आहे, हे चांगलंच आहे. पण हे पद कारभाराचं आहे. एका प्रकल्पात शे-दीडशे, मोठ्या तालुक्यात त्याहूनही जास्त अंगणवाड्या असतात. प्रत्येकीत सेविका आणि मदतनीस, काही अंगणवाड्यांच्या गटाला, म्हणजे बीटला, एक मुख्यसेविका, कार्यालयात लिपिक. शिवाय तू आहरण व संवितरण अधिकारी असतेस. पगाराचं बिल, फिरतीचं बिल, आहाराचं बिल तुझ्या सहीशिवाय हलत नाही. आणि काही वर्षांनी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर तू बदलून कुठेही गेलेली असलीस तरी खुलासा तुलाच मागतात. हे ऐकून पोटात गोळा येऊ देऊ नकोस. जिला संस्थेच्या प्रकल्पाचा हिशेब ठेवता येतो, वस्तीतल्या पन्नास बायकांची बैठक घेता येते, तिला हेही जमतं. फक्त सही करण्याआधी कागद शेवटपर्यंत वाचायची सवय लागते.

आता अर्ज नेमका कुठे करायचा, यात फार मुली गोंधळतात. "समाजकल्याणला अर्ज करायचाय" असं सरसकट म्हणतात आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडखळतात. जिल्ह्याच्या गावी या कामाची चार वेगवेगळी दारं आहेत. एक सहायक आयुक्त, समाजकल्याण यांचं. ते सामाजिक न्याय विभागाचं. शिष्यवृत्त्या, मागासवर्गीय मुलामुलींची वसतिगृहं, निवासी शाळा, स्वाधार योजना तिथे चालतात. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या पीडितांना अर्थसाहाय्यही तिथूनच मिळतं. दुसरं जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण अधिकाऱ्याचं. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातला 20 टक्के निधी मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो, तो हिशेब त्या टेबलावर असतो. तिसरं जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याचं, म्हणजे बालकल्याण समिती, निरीक्षणगृह, बालगृह आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली काम करणारे संरक्षण अधिकारी. चौथं जिल्हा परिषदेतल्या उपमुख्य कार्यकारी अधिकारी, बालविकास यांचं, ज्यांच्या हाताखाली आम्ही प्रकल्प अधिकारी. दिव्यांगांसाठी 2022 पासून वेगळा विभाग झालाय, तो आणखी निराळा. समाजकल्याणचं आणि महिला बालविकासचं अशी दोन्ही आयुक्तालयं पुण्यात आहेत, पण अंगणवाड्यांचं आयुक्तालय बेलापूरच्या रायगड भवनात. हे पाठ करून ठेवण्यासाठी सांगत नाही. तुला मुलांमध्ये काम करायचंय, वसतिगृहांमध्ये की न्यायप्रक्रियेत, हे आधी ठरव म्हणून सांगते. यातली काही पदं राज्यसेवेतून भरतात, काही लोकसेवा आयोगाच्या स्वतंत्र जाहिरातीतून, काही बढतीने. प्रत्येकाची अर्हता वेगळी. तेव्हा कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस, जाहिरात शेवटच्या टिपेपर्यंत स्वतः वाच.

कागदपत्रांबद्दल जरा जास्त बोलते, कारण हुशार मुली परीक्षेपेक्षा इथे जास्त गळतात.

संस्थेत काम केलं असशील तर अनुभव प्रमाणपत्र आजच माग. संस्था बंद पडतात, संचालक बदलतात, मग सही कुणाची आणणार? प्रमाणपत्रावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पूर्णवेळ की मानधनावर, पदनाम काय आणि प्रत्यक्ष काम काय, हे सगळं हवं. "यांनी आमच्याकडे उत्तम काम केले, पुढील वाटचालीस शुभेच्छा" असल्या कागदाला छाननीत काही किंमत नसते. किती जणांवर देखरेख ठेवलीस, किती रकमेचा निधी हाताळलास, हे त्यात लिहून घे. खोटं एक अक्षर घालू नकोस, पण केलेलं लपवूही नकोस. आपल्या बायकांना "मी केलं" असं लिहिताना हात अडखळतो, "आम्ही केलं" असं लिहितात. कागदावर तुझं काम तुझ्या नावाने येऊ दे.

लग्न झालं असेल आणि नाव बदललं असेल, तर पदवी एका नावाची आणि आधार दुसऱ्या नावाचं, असा घोळ होतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद आधीच करून ठेव. जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्राचं बघ, त्याला वेळ लागतो. नॉन क्रीमीलेयरची मुदत 31 मार्चला संपते; जाहिरात एप्रिलमध्ये निघाली आणि तुझा दाखला मार्चचा, असं व्हायला नको. खुल्या गटातल्या मुलींना महिला आरक्षणासाठी लागणारी नॉन क्रीमीलेयरची अट मात्र 2023 मध्ये शासनाने काढून टाकली. 30 टक्के जागा महिलांसाठी राखीव असतात, पण तो दावा अर्जातच करावा लागतो. नंतर "राहून गेलं" म्हणून चालत नाही. छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र 2005 च्या नियमांनी सक्तीचं आहे, तेही लक्षात ठेव.

एका दाखल्यापायी काय होतं, ते अमृता करवंदेच्या बाबतीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. ही अनाथाश्रमात वाढलेली मुलगी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसली, पण आईवडिलांचा पत्ताच नाही तर नॉन क्रीमीलेयर आणणार कुठून? निवड हुकली. ती गप्प बसली नाही, मंत्रालयापर्यंत पाठपुरावा केला आणि 2018 मध्ये राज्याने अनाथांसाठी 1 टक्का समांतर आरक्षण लागू केलं. त्यासाठी लागणारं अनाथ प्रमाणपत्र महिला व बालविकास खातंच देतं. उद्या तू त्या खात्यात असशील आणि बालगृहातून अठरा वर्षं पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलीची फाइल तुझ्या टेबलावर येईल, तेव्हा तो दाखला तिच्या हातात वेळेवर पडेल की नाही, हे तुझ्यावर असेल. या नोकरीचं मोल मला असल्या ठिकाणी वाटतं.

लेखी परीक्षेबद्दल मी फार सांगत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा रोज हाताने दोन पानं लिहायची सवय ठेव. आपल्या विषयातले कायदे मुळातून वाच: 2015 चा बाल न्याय अधिनियम, 2012 चा पोक्सो, 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा. गाइडमधले चार मुद्दे पुरत नाहीत.

मुलाखतीचं मात्र नीट ऐक. तिथे "मला समाजसेवेची आवड आहे" हे वाक्य सगळेच म्हणतात. समोरच्या मंडळाला तू निर्णय कसा घेतेस ते बघायचं असतं. समजा विचारलं, रात्री नऊला फोन आला, उद्या सकाळी गावात सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न आहे, काय कराल? "गावकऱ्यांचं प्रबोधन करीन" हे उत्तर उपयोगाचं नाही. लग्न सकाळी आहे. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला आणि पोलीस ठाण्याला त्याच क्षणी कळवायचं, 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर नोंद करायची, शाळेतून जन्मतारखेचा पुरावा मिळवायचा. लग्न होऊ घातलेली अशी मुलगी बाल न्याय अधिनियमाखाली काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरते. तिला ताब्यात घेतलं तर 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करायचं. आणि माहिती देणाऱ्याचं नाव गावात फुटू द्यायचं नाही, कारण बहुतेक वेळा ती अंगणवाडीची सेविका असते आणि तिला त्याच गावात राहायचं असतं. हे शेवटचं वाक्य कायद्याच्या पुस्तकात वाचून सुचत नाही. जिने गाव पाहिलंय तिलाच सुचतं आणि मंडळाला ते बरोबर कळतं.

म्हणून मुलाखतीआधी, खरं तर अर्जाआधीच, एक दिवस अंगणवाडीत जाऊन बस. भाषण ठोकायला नको, नुसतं बघायला जा. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजतात. मूल रडतं, पाय झाडतं, एकटी सेविका डोकं धरणार की पाय? गुडघा जरासा वाकला की लांबी कमी भरते. लांबी कमी भरली की तेवढ्याच वजनात ते मूल तक्त्यावर ठीकठाक दिसतं. तीव्र कुपोषित मूल असं कागदावर सुदृढ होऊन जातं, पोषण ट्रॅकर ॲपवर हिरवं दिसतं आणि पोषण पुनर्वसन केंद्रात जायचं ते घरीच राहतं. मोजायला दोन माणसं लागतात, ही साधी गोष्ट. मदतनिसीला हाक मारायची, आईला जवळ बसवायचं, गुडघ्यांवर हलका हात ठेवायचा. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आहे का तेही पट्टीने पाहायचं. मी बीटच्या बैठकीत आकडे विचारायच्या आधी एका सेविकेला सगळ्यांसमोर लांबी मोजायला लावायची. त्या महिन्यात कुपोषित मुलांचा आकडा वाढायचा आणि वरून विचारणा यायची. यायला हवीच. आकडा वाढला म्हणजे मुलं सापडली. वरिष्ठांना हे लेखी सांगण्याची धमक हवी, ती असेल तरच या पदाला हात घाल.

समाजकल्याणकडे गेलीस आणि वसतिगृहाची तपासणी करायची वेळ आली तर गृहपालाच्या खोलीतला चहा नंतर. आधी स्वयंपाकघर, मग धान्याची कोठी आणि नोंदवही जुळते का, मग मुलींच्या न्हाणीघराच्या कड्या आतून लागतात का. नोंदवहीत कडीसाठी रकाना नसतो.

हाताखालच्या बायकांबद्दल एक सांगते. सेविकेला मानधन मिळतं, पगार नाही, आणि गावातलं प्रत्येक सर्वेक्षण तिच्याच गळ्यात पडतं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसींना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तोवर कित्येकजणी चार दशकं काम करून रिकाम्या हाताने घरी गेल्या होत्या. 2023 च्या डिसेंबरात त्यांनी संप केला, तो 52 दिवस चालला. अशा वेळी तुझी गोची होते. वरून अंगणवाड्या उघडा म्हणून आदेश आणि समोर रस्त्यावर बसलेल्या तुझ्याच बायका. शासनाची अधिकारी म्हणून आदेश पाळावाच लागतो. पण नोटिशीवर सही करतानाही तिला "अहो सेविकाताई" म्हणता येतं, आणि संप मिटल्यावर राग न धरता तिच्या दारात जाता येतं. जी अधिकारी सेविकेला अगं-तुगं करते, तिला गावातली खरी बातमी कधीच कळत नाही.

आहाराचे पैसे फार असतात असं समजू नकोस. 2017 मध्ये ठरलेला दर एका मुलामागे दिवसाला 8 रुपये, तीव्र कुपोषित मुलासाठी 12. त्या 8 रुपयांत 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं बसवावी लागायची. आहार शिजवणाऱ्या बचत गटाचं बिल तीन महिने अडकलं तर त्या बायका उधारीवर डाळ आणतात आणि मग डाळ पातळ होते. बिल वेळेत काढणं हेही कुपोषणावरचं काम आहे, हे मी माझ्या लिपिकांना सतत सांगत असे.

घरचं विचारशील. बदल्या होतात, फिरती असते, धारणी-मेळघाटापासून किनवटपर्यंत कुठेही जावं लागतं. मुलं लहान असताना कठीण जातं, ते गोड करून सांगत नाही. सासरी-माहेरी आधीच स्पष्ट बोल. कोण साथ देणार, ते नियुक्तिपत्र येण्याआधी माहीत असलेलं बरं. आणि "बाईमाणसाने शिक्षिका व्हावं, हे कशाला" असं कुणी म्हणालं तर ऐकून घे आणि अभ्यासाला बस. ज्या खात्यात काम बायकांचं, लाभार्थी बायका आणि मुलं, तिथे निर्णयाच्या खुर्चीत वस्ती पाहिलेली बाई असलीच पाहिजे. अंगणवाडीचा उंबरा कधी न ओलांडलेला माणूस निव्वळ गुणांच्या जोरावर तिथे बसलेला मी पाहिलाय. त्याची बिलं चोख असतात, पण गावं त्याला ओळखत नाहीत.

तेव्हा झेपेल का, हे आता विचारू नकोस. उद्या सकाळी जुन्या संस्थेत जा, अनुभव प्रमाणपत्राचा अर्ज दे आणि पोच घे. जाहिरात निघाली की पहिल्याच आठवड्यात फॉर्म भर; शेवटच्या दिवशी संकेतस्थळ चालत नाही. मुलाखतीचं पत्र आलं की मला कळव, आपण दोघी मिळून तयारी करू.